नायट्रिफिकेशन नायट्राइटपाशी थांबते, पण टिकत नाही: जिवाणूंवर नियंत्रण कसे ठेवावे?

प्रश्न

आमचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र एसबीआर पद्धतीचे आहे, म्हणजे पाणी भरणे, हवा देणे, गाळ बसू देणे आणि निवळ काढणे ही सारी कामे एकाच टाकीत क्रमाने होतात. येणाऱ्या पाण्यात अमोनियाच्या रूपातील नायट्रोजन लिटरला सुमारे ४० मिलिग्रॅम असतो आणि तापमान २६ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. सीओडी (पाण्यातील सेंद्रिय पदार्थांचे माप) मात्र कमी असल्यामुळे डीनायट्रिफिकेशनला, म्हणजे जिवाणूंकडून नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून घेण्याला, कार्बन पुरत नाही. म्हणून अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे ऑक्सिडीकरण (नायट्रिफिकेशन) नायट्राइटपाशीच थांबवावे, या हेतूने विरघळलेला ऑक्सिजन (डीओ) लिटरला २ मिलिग्रॅमवरून ०.५ वर आणला. सुरुवातीला नायट्राइट साचू लागले, परंतु काही आठवड्यांत ते घटत गेले आणि आता जवळजवळ सगळे नायट्रेटच मिळते. डीओ आणखी उतरवला तर अमोनिया तसाच बाहेर पडतो. नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू कायमचे मागे कसे ठेवावेत?

उत्तर १

आपला हेतू योग्य आहे. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट करण्यास ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, तर नायट्राइटपर्यंत थांबल्यास ३.४३ ग्रॅम पुरतो. शिवाय नायट्राइटपासून डीनायट्रिफिकेशन करताना कार्बनची गरज सुमारे ४० टक्क्यांनी घटते. अडचण आहे ती केवळ डीओवर विसंबून राहण्यात. अमोनिया वापरणाऱ्या नायट्रोसोमोनास गटाला कमी ऑक्सिजन चालतो आणि नायट्राइट वापरणाऱ्यांना चालत नाही, हा समज नायट्रोबॅक्टरपुरता बराचसा खरा आहे. नायट्राइटच वापरणाऱ्या नायट्रोस्पायरा गटातील अनेक जिवाणू मात्र अत्यल्प ऑक्सिजनवरही निभावून नेतात. त्यामुळे डीओ सतत कमी ठेवला की नायट्रोबॅक्टर मागे पडतो आणि त्याची जागा हळूहळू नायट्रोस्पायरा घेतो. आपल्याकडे सुरुवातीला नायट्राइट दिसून नंतर ते नाहीसे होण्याचा क्रम याच्याशी जुळतो, तरी त्यावरच निष्कर्ष काढण्यापूर्वी एक गोष्ट विचारावीशी वाटते: हवेचा टप्पा संपतो तेव्हा टाकीत अमोनिया किती उरलेला असतो?

प्रश्नकर्ता

०.५ मिलिग्रॅमपेक्षाही कमी. हवेचा टप्पा घड्याळावर ठरवलेला आहे आणि तो कधी बदललेला नाही. मुक्त अमोनियामुळे (अमोनियम आयन न बनता राहिलेल्या अमोनियामुळे) नायट्राइट वापरणारे जिवाणू दबतात असेही वाचनात आले होते. त्याचा येथे उपयोग होईल का?

उत्तर १

मग मूळ दोष घड्याळातच असावा. अमोनिया संपल्यावरही हवा चालू राहिली, की त्या उरलेल्या वेळात ऑक्सिजनला दुसरा गिऱ्हाईक नसतो आणि साचलेले नायट्राइट नायट्रोस्पायराला आयते मिळते. प्रत्येक चक्रात असेच घडत राहिले तर डीओ कितीही काटेकोरपणे सांभाळला तरी त्या जिवाणूंची वाढ होतच राहणार.

हवा बंद करण्याची वेळ पीएचवरून ठरवावी. अमोनियाचे ऑक्सिडीकरण चालू असते तोवर पीएच उतरत जातो. अमोनिया संपताच आम्ल तयार होणे थांबते, हवेबरोबर कार्बन डायऑक्साइड निघून जात राहतो आणि पीएच पुन्हा चढू लागतो. आलेखावर हा खळगा स्पष्ट दिसतो. हवा त्या खळग्याच्या थोडी आधी, अमोनिया लिटरला एक-दोन मिलिग्रॅम शिल्लक असतानाच, बंद करावी. अमोनियाचा संवेदक असेल तर काम अधिक सोपे होते, मात्र त्याची वेळोवेळी तपासणी झाली नाही तर तो पीएचपेक्षाही अधिक दिशाभूल करतो.

मुक्त अमोनियाची आशा येथे धरू नये. १९७६ मध्ये अँथोनिसेन व सहकाऱ्यांनी दिलेल्या मर्यादांनुसार नायट्राइट वापरणारे जिवाणू लिटरला ०.१ ते १ मिलिग्रॅम मुक्त अमोनियाला दबू लागतात. आपल्या तापमानाला, पीएच ७.२ च्या आसपास धरल्यास, एकूण अमोनियातील जेमतेम एक टक्का मुक्त रूपात असतो. म्हणजे पूर्ण ४० मिलिग्रॅम असतानाही तो ०.४ च्या आत राहतो आणि चक्राच्या शेवटी नगण्य होतो. शिवाय या जिवाणूंना अशा दाबाची कालांतराने सवय होते.

उत्तर २

वरील विवेचनाशी सहमत आहे, परंतु हवेची वेळ सुधारली तरी गाळाचे वय (गाळ टाकीत राहण्याचा सरासरी काळ) जास्त असेल तर हाती काही लागणार नाही. मागे पडलेले जिवाणू गाळासोबत टाकीबाहेर गेले तरच त्यांची संख्या घटते. सुमारे २५ अंशांच्या वर अमोनिया वापरणारे जिवाणू नायट्राइट वापरणाऱ्यांपेक्षा वेगाने वाढू शकतात. शॅरॉन ही नायट्राइटपाशी थांबणारी पद्धत ३० ते ४० अंशांवर, गाळ अजिबात परत न घेता, याच फरकावर चालते. आपल्याकडे हा फरक लहान आहे, म्हणून गाळ रोज मोजून काढावा आणि गाळाचे वय काढताना केवळ हवेचा काळ धरावा. अमोनिया चढू लागला तर गाळ काढणे लगेच कमी करावे.

हवा सलग न देता थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद असे आवर्तन ठेवणेही उपयोगी पडते. ऑक्सिजनविना काही वेळ गेल्यानंतर नायट्राइट वापरणारे जिवाणू उशिरा कामाला लागतात, आणि बंद काळात येणारे पाणी टप्प्याटप्प्याने सोडल्यास त्यातील सीओडी हवेत जळून न जाता थेट डीनायट्रिफिकेशनला मिळते. कार्बन कमी असलेल्या केंद्रासाठी मला हा लाभ नायट्राइट साचवण्यापेक्षाही मोठा वाटतो.

उत्तर ३

थोडे वेगळे मत मांडतो. मुख्य प्रवाहात, जेथे अमोनिया विरळ असतो, नायट्राइटवर कायम थांबणे अनेक संशोधकांनाही जड गेले आहे. नायट्राइट किती साचले हे यशाचे माप न धरता, बाहेर जाणाऱ्या पाण्यातील एकूण नायट्रोजन पाहावा. नायट्राइट साचणे हे स्वतः जोखमीचेही आहे: ते माशांना विषारी असते, पुढे क्लोरिन देत असाल तर एक ग्रॅम नायट्राइट-नायट्रोजन सुमारे ५ ग्रॅम क्लोरिन खाऊन टाकतो, आणि कमी ऑक्सिजनबरोबर ते साचले की नायट्रस ऑक्साइड वाढतो, ज्याचा तापमानवाढीवरील परिणाम शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट असतो.

आपल्याकडे गाळाचा डायजेस्टर (हवेविना गाळ कुजवणारी टाकी) असेल तर त्या गाळाचे पाणी पिळल्यावर निघणारा द्रव स्वतंत्र हाताळावा. त्याचा प्रवाह लहान असला तरी अमोनिया तीव्र असतो, तो गरम असतो, आणि केंद्रावरील नायट्रोजनच्या भाराचा साधारण १५ ते २० टक्के भाग त्यातूनच परत येतो. वर सांगितलेला मुक्त अमोनियाचा दाब तेथे खरोखर लागू पडतो. त्यावर ॲनामॉक्स जिवाणूही (ऑक्सिजनविना अमोनिया आणि नायट्राइटपासून नायट्रोजन वायू बनवणारे) वापरता येतात. १९७७ मध्ये ब्रोडा यांनी त्यांचे केवळ भाकीत केले होते. २००२ पासून ते रॉटरडॅम येथे पूर्ण प्रमाणावर काम करत आहेत. त्यांना कार्बन लागतच नाही, परंतु त्यांची संख्या दुप्पट होण्यास दहा-बारा दिवस लागतात, म्हणून गाळ वाहून जाऊ न देणे हीच तेथली मुख्य काळजी असते.

प्रश्नकर्ता

डायजेस्टर नाही. त्यामुळे प्रथम हवेची वेळ पीएचवरून ठरवतो आणि पाणी टप्प्याटप्प्याने सोडतो. अल्कलिनिटी (आम्ल शोषून घेण्याची पाण्याची क्षमता) कमी पडत असेल तर पीएचचा खळगा ओळखता येईल का?

उत्तर १

नाही, म्हणून ती आधी मोजावी. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे ७.१४ ग्रॅम अल्कलिनिटी (कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात) खर्च होते आणि डीनायट्रिफिकेशनमध्ये तिचा निम्मा भाग परत मिळतो. ती संपत आली तर अमोनिया शिल्लक असतानाच ऑक्सिडीकरण मंदावते, पीएच तळाशी सपाट होतो, आणि हवा नेमकी चुकीच्या वेळी बंद केली जाते. पहिल्या काही चक्रांत दर अर्ध्या तासाने नमुना घेऊन अमोनिया, नायट्राइट आणि अल्कलिनिटी पीएचच्या आलेखाशेजारी मांडून पाहावी, आणि त्यानंतरच नियंत्रण स्वयंचलित करावे.