ओला कचरा घरातच जिरवायचा की गाडीत द्यायचा?

मुळाकाठ
वीज, पाणी, प्लास्टिक यांबद्दल घरोघरी बोललं जातं. माझ्या मते या सगळ्याच्या आधी ओला कचरा घरात जिरवायची, म्हणजे त्याचं खत करायची सवय लागायला हवी. आपल्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास वजन साली, देठं, चहाचा चोथा आणि उरल्यासुरल्या अन्नाचं असतं. ते प्लास्टिकसोबत डेपोवर गेलं की ढिगाखाली हवेविना कुजतं, मिथेन तयार होतो, काळं पाणी जमिनीत मुरतं. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची-फुरसुंगीला टाकला गेला. तिथल्या विहिरी नासल्या, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, तेव्हा कुठे शहरात यावर चर्चा सुरू झाली. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत देवनारच्या कचरा डेपोची आग कितीतरी दिवस धुमसत होती. भाजी आपण निवडायची आणि वास फुरसुंगीने सोसायचा, हे मला अन्यायाचं वाटतं. भोकं पाडलेल्या दोन बादल्या आणि पोतंभर वाळका पाला एवढ्यावर चौघांच्या घराचा ओला कचरा जिरतो.

डोंबिवलीची
बादल्या ठेवायच्या कुठे? आमच्या वन रूम किचनला बाल्कनी नाही, वॉशिंग मशीनसुद्धा मोरीत आहे. दुसरं म्हणजे, हे काम करायचं कुणी? सकाळी ७:१२ ची लोकल पकडणारी बाई डबे भरून, भांडी आवरून वर कचराही हलवणार. पर्यावरणाच्या नावाने सांगितलेली घरातली जवळजवळ प्रत्येक सवय बाईच्याच कामात भर घालते. कापडी पिशव्या धुवायच्या तिने, डाळीचं पाणी झाडांना घालायचं तिने. ज्या घरात पुरुष बादली हलवतो तिथे हा सल्ला जरूर द्या.

नेमस्त
डोंबिवलीच्या ताईंशी सहमत, पण माझा आक्षेप वेगळा आहे. आपण मिळकतकर भरतो, कचऱ्याची विल्हेवाट हे पालिकेचं काम आहे. इंदूरकडे बघा. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे रोज ५५० टन ओला कचरा घेऊन त्यापासून गाड्यांसाठी वायू बनवणारा बायो-सीएनजी प्रकल्प सुरू झाला. त्या वायूवर शहरातल्या बस धावतात. बादलीत खत केलं तर तो वायू मिळत नाही. घरोघरी लाखो बादल्या ठेवण्यापेक्षा शहरात एक नीट चालणारा प्रकल्प असलेला बरा. नागरिक बादल्या हलवत बसले की पालिकेवरचा दबाव कमी होतो, ही मला खरी भीती वाटते.

मुळाकाठ
नेमस्त, इंदूरचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तो प्रकल्प चालतो कारण तिथे कचरा घरातच वेगळा होतो आणि गाडीतही वेगळ्या कप्प्यात जातो. कॅरीबॅगा, डायपर, काचा मिसळलेला माल यंत्रात घातला तर यंत्र बंद पडतं. म्हणजे सवय स्वयंपाकघरातच लागावी लागते, पुढे बादली असो वा बायोगॅस.

डोंबिवलीकर, कामाच्या वाटणीबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. जागा नसेल तर सोसायटीच्या आवारात पिपं ठेवता येतात. केंद्राच्या २०१६ च्या नियमांनी ५००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं होतं. पुण्यात गांडूळखत, सौरऊर्जा, पावसाच्या पाण्याची साठवण यांसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सूटही ठेवलेली आहे.

परसदार
आमच्याकडे रत्नागिरीला परसात खड्डा असतो, त्यामुळे हा वाद मला नवा आहे. मुंबईतल्या बहिणीला मात्र बादली लावून दिली आहे. ज्यांना वासाची भीती वाटते त्यांच्यासाठी सांगतो. वास येतो तो ओल जास्त झाल्यामुळे. जेवढा ओला कचरा, आकारमानाने निदान तेवढा वाळका पाला किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घाला. साली बारीक चिरा, दोन-तीन दिवसांनी खालीवर करा म्हणजे हवा खेळते. सुरुवातीला मूठभर जुनं खत किंवा थोडं आंबट ताक विरजणासारखं लागतं. पांढऱ्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या कचराच खातात. पाला वाढवला, वरचा थर कोरडा ठेवला की कमी होतात. दोन-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, पावसाळी मातीच्या वासाचं खत हाती येतं. मासळी-मटणाची हाडं मात्र बादलीत नकोत, मांजरं आणि घुशी मागे लागतात.

वेचक_मैत्रीण
मी कचरावेचक महिलांबरोबर काम करते. पुण्यात ‘स्वच्छ’ ही त्यांचीच सहकारी संस्था २००८ पासून पालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते. बादली की प्रकल्प, हे तुम्ही ठरवा. पण ज्या दिवशी आमटी आणि सॅनिटरी पॅड एकाच पिशवीत येतं, त्या दिवशी कुणीतरी बाई ते हाताने वेगळं करते. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर ओळखीसाठी लाल ठिपका काढा. याला ना जागा लागते ना वेळ. एवढंही न करता यंत्रांची चर्चा होते, त्याचा मला राग येतो.

नेमस्त
लाल ठिपका मान्य, वेगळं करणंही मान्य. बादलीबद्दल माझं मत तेच आहे. पालिकेला जबाबदारीतून सूट मिळता कामा नये.

डोंबिवलीची
वेगळा कचरा आजही देतेच. पिपांचा विषय सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मांडेन. हलवायच्या पाळ्यांची यादी मात्र मी करणार आणि त्यात पहिली नावं पुरुषांची असतील. परसदार दादा, आमच्या आवारात एकही झाड नाही, वाळका पाला आणायचा कुठून?

परसदार
बागेत पाला झाडणाऱ्या माळ्याला विचारा, बहिणीने तसंच केलं. नाहीतर सुतारकामाचा भुसा चालतो, फक्त प्लायवूडचा घेऊ नका, त्यात डिंक आणि रसायनं असतात.