५५ इंची टीव्ही, वर ४,२०० ची जादा वॉरंटी : घ्यावी का सोडावी?

जुळे_सोलापूरकर
संक्रांतीला टीव्ही घेतोय. आईची अट, गड्ड्याच्या जत्रेला पाहुणे यायच्या आत भिंतीवर लागला पाहिजे. नवी पेठेत ५५ इंची पसंत केला, ४८,००० ला. बिल करताना दुकानदार म्हणाला, "कंपनीची वॉरंटी एकच वर्ष साहेब. ४,२०० टाका, पुढची तीन वर्षं निवांत झोपा." बायको म्हणते घ्या, भाऊ म्हणतो येडा हायस का. हजार रुपये ॲडव्हान्स देऊन आलोय, शनिवारी सांगायचंय. ज्यांनी भोगलंय त्यांनी बोला.

अण्णा_अशोकचौक
अजिबात घेऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. तुमच्या टीव्हीवर हिशेब मांडा, चार हजारांच्या आसपास वाचले. आणि दुकानदार मागतोय किती? ४,२००! सरकारनं एका खिशात घातले, यानं दुसऱ्यातून काढले.

होटगी_रोडची_ताई
अण्णा, हिशेब बरोबर, पण पॅनल, म्हणजे पडदाच, गेल्यावर काय करायचं? आमचा ५० इंची, अडीच वर्षांचा. एके दिवशी मधोमध उभी रेघ आली, आठवड्यात तिच्या शेजारी दुसरी. सर्व्हिसवाला मुलगा आला, दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाला, पॅनल बदलावं लागेल, २९,०००. टीव्ही घेतलेला ४१,००० ला! आता तो पलंगाखाली पडलाय आणि आमचे हे रोज ऐकवतात, "जादा वॉरंटीचे २,८०० वाचवलेस की तू." नवीन घेतला त्यावर मी मुकाट्यानं वॉरंटी घेतली.

रिपेरीवाला
बावीस वर्षं टीव्ही उघडतोय म्हणून सांगतो. बंद पडलेल्या प्रत्येक टीव्हीचं पॅनल गेलेलं नसतं. आवाज येतो पण चित्र नाही? खोलीत अंधार करा, मोबाईलची टॉर्च पडद्याला टेकवून धरा. आत पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनल शाबूत आहे, मागच्या एलईडी पट्ट्या, म्हणजे बॅकलाइट, गेल्यात. माझ्याकडं ते काम अडीच-तीन हजारात होतं. दुकानात भडक दिसावा म्हणून लावलेला मोड लोक घरीही तसाच ठेवतात, वर आपला एप्रिल-मेचा उन्हाळा. पट्ट्या टिकणार कशा? टीव्ही आणल्या दिवशीच बॅकलाइट निम्म्यावर आणा. ताईंच्या रेघा मात्र पॅनलच्याच, त्याला मी हात लावत नाही.

अण्णा_अशोकचौक
बघा! ४,२०० बाजूला ठेवा आणि त्यातनं चांगला स्टॅबिलायझर आणा.

रिपेरीवाला
नको अण्णा. टीव्हीच्या मागचा स्टिकर वाचा, बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. कमी-जास्त दाब तो स्वतःच सांभाळतो. भीती आहे ती एकदम येणाऱ्या झटक्याची. त्यासाठी सर्ज प्रोटेक्टर लावा आणि ढग गडगडायला लागले की प्लग काढा. डिशची वायरसुद्धा.

घरकुलवाला
झटक्याचंच सांगतो. दोन वर्षांमागं वळवाच्या पावसात गल्लीतली न्यूट्रलची वायर तुटली. व्होल्टेज वाढून दिवे एकदम पांढरेफटक झाले आणि तीन घरचे टीव्ही गेले. वॉरंटी असलेला मी एकटाच, म्हणून मी तोऱ्यात. फोन लावला तर कळलं, वॉरंटी टीव्ही कंपनीची नव्हतीच, दुकानातनं तिसऱ्याच कुणाची चिकटवलेली. म्हणे व्होल्टेजचं नुकसान यात बसत नाही. तरी बिल पाठवा म्हणाले. बिल कपाटातनं काढलं तर कोरा कागद! थर्मल प्रिंट, सगळी अक्षरं उडालेली.

होटगी_रोडची_ताई
म्हणजे वॉरंटी वाचून घ्यायची, एवढंच ना? टीव्ही कंपनीची स्वतःची असेल तर घ्या, सीरियल नंबर असलेल्या बिलाचा त्याच दिवशी फोटो काढा. नाहक नाकारलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करा. २०१९ च्या कायद्यानं ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यातच केस घालता येते, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही.

अण्णा_अशोकचौक
४,२०० साठी तारखा कोण करत बसणार ताई?

होटगी_रोडची_ताई
४,२०० साठी नाही अण्णा, ४८,००० साठी.

जुळे_सोलापूरकर
टीव्ही आला. दुकानात वॉरंटीच्या अटींचा कागद मागितला. "पैसे भरल्यावर मेलवर येतो की ओ." आधी वाचायला द्या म्हटल्यावर मालक दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. मग टीव्ही कंपनीच्या टोल फ्रीला फोन केला. त्यांची स्वतःची जादा वॉरंटी पहिलं वर्ष संपायच्या आत कधीही घेता येते, पॅनल धरून. मग आत्ताच कशाला? मोबाईलमध्ये अकराव्या महिन्याचा अलार्म लावलाय. ताई, तेव्हा बहुतेक तुमचं ऐकेन. वॉरंटी नको म्हटल्यावर फुकटातलं वॉल माउंट मात्र एकदम ६०० चं झालं.

रिपेरीवाले दादा, बॅकलाइट निम्म्यावर आणलाय. आई म्हणते, "जुनाच टीव्ही गळ्यात मारला का रे त्यांनी?"