पोरगं ऑनलाइन कोर्स करतंय, घरच्यांनी लक्ष किती घालावं?

विषय एवढाच: पहिल्या वर्षाची पोरं कॉलेजसोबत 'स्वयम्'वर (केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल) एनपीटेलचे, म्हणजे आयआयटी आणि आयआयएस्सीच्या प्राध्यापकांचे, कोर्स घेतात. पोराच्या खात्याचा पासवर्ड आईबापाकडे असावा, की त्यांनी लांब राहावं?

कृष्णाकाठ (सांगली): असावाच. १२ आठवड्यांच्या कोर्सला दर आठवड्याला असाइनमेंट असते, मुदत रात्री ११:५९ ची. ती गेली की शून्य. 'सर, लाईट नव्हती' हे ऐकून घ्यायला तिथं कुणी बसलेलं नाही. रविवारी दहा मिनिटं प्रोग्रेसचं पान उघडून बघितलं तर काय बिघडलं?

अजिंक्यतारा (सातारा): काका, मार्कांचं गणित बघा. १२ पैकी सगळ्यात चांगल्या ८ असाइनमेंटची सरासरी धरतात, तिचे २५ मार्क. परीक्षेचे ७५, तीही केंद्रावर जाऊन, सुपरवायझरसमोर. प्रमाणपत्राला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० असे दोन्हीकडे वेगवेगळे लागतात. घरचे ज्या पानावर नजर ठेवतात ते २५ मार्कांचं. दट्ट्या लावला की पोरगं टेलिग्रामच्या ग्रुपवरून उत्तरं उचलतं, स्कोअर शंभर दिसतो, घरात सगळे खूश. ७५ चं काय?

कृष्णाकाठ: मग ते तपासायचं तरी कसं? आम्हाला थर्मोडायनॅमिक्स येत नाही.

अजिंक्यतारा: यायला नकोच. मोबाईल बाजूला ठेवायला लावा आणि त्या आठवड्याचा एक लेक्चर कोऱ्या कागदावर समजावून सांग म्हणा. व्हिडिओ दुप्पट स्पीडनं पळवला असेल तर तिसऱ्या मिनिटाला अडकतोच.

मिरजकर ताई: तुम्ही दोघं मार्कांवरच भांडताय. खरी फजिती कागदपत्रांत होते. कोर्सला नाव घालणं फुकट आहे, पण परीक्षेची नोंदणी वेगळी, तिची फी वेगळी आणि मुदतही वेगळी. बारा आठवडे अभ्यास करून ही मुदत चुकली तर परीक्षेला बसता येत नाही. नोंदणीत जे नाव टाकाल तेच प्रमाणपत्रावर छापून येतं, म्हणून दहावीची मार्कलिस्ट समोर ठेवून भरा. परीक्षेला हॉल तिकिटासोबत फोटो ओळखपत्र मूळ लागतं, मोबाईलमधल्या फोटोच्या भरवशावर पाठवू नका.

क्रेडिटचंही, म्हणजे पदवीत धरल्या जाणाऱ्या श्रेयांकांचंही, तेच. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२१ च्या नियमानं सत्रातली ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट 'स्वयम्'वरून घेता येतात, पण ती कमाल मर्यादा आहे. कोणता कोर्स चालेल ते कॉलेज ठरवतं. नाव घालायच्या आधीच विभागप्रमुखांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पासवर्डपेक्षा ती पोच सांभाळा.

कृष्णाकाठ: पोच मान्य. पण 'चार असाइनमेंट बुडाल्या तरी चालतं' हे पोरांच्या कानावर घालू नका. जुलै सत्रात एक गणपतीत जाते, एक-दोन कॉलेजच्या टेस्टमध्ये. सुरुवातीलाच दोन सोडल्या तर हातात काही उरत नाही.

अजिंक्यतारा: म्हणून असाइनमेंट मुदतीच्या दोन दिवस आधीच भरायची. मुदतीपर्यंत ती पुन्हा भरता येते, शेवटची धरतात. आणि लाईटची सबब नको असेल तर राऊटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, अॅडॅप्टरवरचा व्होल्टेज बघूनच. पासवर्ड मात्र त्याचा त्याच्याकडेच राहू द्या.

कृष्णाकाठ: यूपीएस लावू. रविवारची दहा मिनिटं मी सोडणार नाही.