शेफ व्हावं का? किचनमध्ये उभं राहिलेल्यांनी सांगावं

माझ्या भाच्याची यंदा बारावी झाली. मुलगा सोलापूरचा. गेली दोन वर्षं घरातला रविवारचा स्वयंपाक तोच करतो आणि मनापासून करतो. आता त्याला हॉटेल मॅनेजमेंटला जायचंय, शेफ व्हायचंय. दाजींचा सक्त विरोध. "शिकूनसवरून लोकांचे चुलाणे फुंकायचे का?" हे त्यांचं वाक्य दिवसातून दोनदा होतं. बहीण गप्प असते. मुलगा माझ्याकडे येतो आणि म्हणतो, मामा, तुम्ही समजावा.

मी बँकेत आहे. मला यातलं काही कळत नाही, आणि न कळणाऱ्या गोष्टीत मुलाला ना ढकलायचंय, ना अडवायचंय. म्हणून ज्यांनी हे काम केलंय, करत आहेत किंवा सोडलंय, त्यांनी इथे लिहावं ही विनंती. पगार, तास, शरीर, घर, सगळं. सोसलं त्याचं मोल झालं का? कौतुक नको आणि उगाच भीतीही नको. सगळे अनुभव मी दाजींना वाचून दाखवणार आहे.

सू शेफ, मुंबई

मी डोंबिवलीचा. २००७ साली कॉलेजातून बाहेर पडून एका मोठ्या हॉटेलात कमी-३ (commis, म्हणजे खालच्या पायरीचा मदतनीस) म्हणून लागलो. पहिला पगार ७,८०० रुपये. सू शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या हाताखालचा पहिला माणूस, व्हायला अकरा वर्षं लागली. कमी-३, कमी-२, कमी-१, मग डीसीडीपी (विभागप्रमुखाचा मदतनीस), सीडीपी (एका विभागाचा प्रमुख). ही शिडी प्रत्येकाला चढावीच लागते, आणि मधली पायरी गाळली तर पुढे कुठेतरी ते उघडं पडतं.

पहिले चार महिने मी शिजवलं काहीच नाही. कांदा, लसूण, आलं. वॉक-इनमधली (खोलीएवढ्या फ्रीजमधली) भाजी लावणं, तारखा लिहून चिकटवणं. मग बिर्याणीचा कांदा तळायला दिला. तो कांदा मी तीन वेळा जाळला. आमच्या लखनौच्या उस्तादांनी मला डोळे मिटून कढईपाशी उभं केलं. म्हणाले, आवाज ऐक. कांद्यातलं पाणी असतं तोवर तेल मोठ्याने तडतडतं, पाणी संपत आलं की आवाज बसतो. तिथून पुढे हाताशी मोजके क्षण. हवा तो रंग येण्याच्या थोडं आधीच कांदा उपसायचा, कारण बाहेर काढल्यावरही रंग चढत राहतो. हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. आजही मुलांना मी तसंच शिकवतो.

आता तास. ब्रेक शिफ्ट म्हणजे सकाळी ११ ते ३ आणि संध्याकाळी ७ ते ११.३०. मधल्या चार तासांत डोंबिवलीला जाऊन परत येणं शक्य नाही, म्हणून लॉकर रूममध्ये पुठ्ठा टाकून झोपायचं. कागदावर साडेआठ तास, पण घरातून बाहेर सोळा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा कामाला दुप्पट मजुरी लिहिली आहे. माझ्या हातात ती कधी पडली नाही. दिवाळी, गणपती, ३१ डिसेंबर या दिवशी सगळी रजा मागतात आणि नेमकी तेव्हाच आपली गरज असते. मुलीचं स्नेहसंमेलन मी सहा वर्षांत एकदा पाहिलं.

शिव्याही खाल्ल्या. एका वरिष्ठाने गरम पळी अंगावर भिरकावली होती, खुणा अजून दंडावर आहेत. त्या दिवशी ठरवलं की आपल्या हाताखाली हे होणार नाही, आणि होऊ दिलेलं नाही. किचनमध्ये आरडाओरडा लागतोच, असं जे म्हणतात ते मला मान्य नाही. घाईत आवाज चढतो. माणसाचा अपमान ही वेगळी गोष्ट आहे.

मग का राहिलो? मागच्या डिसेंबरात एका रात्री २४० पाहुणे होते. पासवर, म्हणजे ताटं बाहेर जातात त्या टेबलापाशी, मी उभा होतो, केओटी (ऑर्डरच्या चिठ्ठ्या) निघतच होते, तंदूर, करी, सलाड सगळे एकमेकांच्या हाकेला ओ देत होते. रात्री साडेअकराला शेवटचं ताट गेलं. एकही ताट परत आलं नव्हतं. सगळी पोरं घामाने भिजून जमिनीवर बसली आणि डाळभात खाल्ला. असं मला दुसऱ्या कशातूनही मिळालेलं नाही. भाच्याला एवढंच विचारा: तुला स्वयंपाक आवडतो, पण तोच पदार्थ दिवसातून साठ वेळा, पहिल्याइतक्याच काळजीने करशील का?

चार वर्षांत सोडलं, नागपूर

मी केलं आणि सोडलं. पायाच्या शिरा सुजल्या, सव्विसाव्या वर्षी डॉक्टर म्हणाले उभं राहणं कमी करा. आता एका मसाल्यांच्या कंपनीत नवीन उत्पादनं तयार करण्याच्या विभागात आहे. शिकलेलं सगळं कामाला येतं आणि रविवारी घरी असतो. पश्चात्ताप नाही, पण रात्री हॉटेलच्या मागच्या गल्लीतून जाताना एक्झॉस्टचा वास आला की पाय थबकतात. दाजींना सांगा, या शिक्षणातून फक्त हॉटेलाचंच दार उघडत नाही.

लग्नाचा स्वयंपाक, कोल्हापूर

'शेफ' हा शब्द आमच्या घरी परवा परवा आला. माझे वडील आचारी. पंचक्रोशीत त्यांना सगळे बापू म्हणत. लोक त्यांना पंगतीच्या आधी शोधत यायचे, आणि पंगत उठल्यावर त्यांचं नावही कुणाला आठवायचं नाही. जेवण छान झालं, असं यजमानाला सांगून जायचे. दाजींच्या वाक्यामागे काय आहे ते मला नीट कळतं, मी त्याच घरात वाढलेय.

बापूंनी मला शाळेत घातलं, स्वयंपाकाला हात लावू दिला नाही. ते पडल्यावर मात्र घेतलेल्या चार सुपाऱ्या माझ्याच अंगावर आल्या. पहिली पाचशे पानांची. शंभर पानांना दहा किलो तांदूळ हा हिशेब पाठ होता, पण मिठाचं काय? घरच्या चमच्याला पाचशेने गुणलं तर आमटी खारट होऊन जाते. बापू खाटेवरून म्हणाले, "अंदाजाच्या पाऊण टाक, एक उकळी येऊ दे, मग चाख. चाखताना पाण्याने चूळ भर." मोठ्या पातेल्यात मीठ पसरायला वेळ लागतो. लगेच चाखणारा पुन्हा टाकतो आणि फसतो. मी आजही चूळ भरूनच चाखते.

जावळाला, यात्रेला मटणाची पंगत असते. पांढरा रस्सा पाचशे माणसांचा करताना काळजाचं पाणी होतं. नारळाचं दूध घातल्यावर उकळी फुटली की रस्सा फाटला. भट्टीतलं लाकूड ओढून काढायला एक माणूस तिथेच बसवायचा, त्याने दुसरं काही करायचं नाही.

उत्पन्नाचं खरं सांगते. मुहूर्तांवर पोट. आषाढी ते कार्तिकी लग्नं नाहीत, त्यात पितृपक्ष. चार महिने डोहाळजेवणं, वास्तुशांती, एखाद्या कंपनीचे डबे यावर काढायचे. उन्हाळ्यात मात्र दिवसाला दोन कामं असतात, आणि एप्रिलच्या उन्हात भट्टीपुढे उभं राहणं काय असतं, ते उभं राहिलेल्यालाच ठाऊक.

अजून एक बोलायचंय. चपात्या लाटणाऱ्या बायका. आठ-दहा जणी पहाटे चारपासून खाली बसून लाटतात, हजार-हजार चपात्या होतात. त्यांना कुणी कधी आचारी म्हटलं नाही, आणि मजुरी वाढप्यापेक्षा कमी. मी दोघांची एक केली, तर दोन पुरुष आचारी काम सोडून गेले. गेले तर गेले. आज माझ्याकडची मुख्य आचारी त्या चपातीवाल्यांमधलीच एक आहे.

मामा, तुमच्या भाच्याला एखाद्या कामाला पाठवायचं असेल तर पाठवा. राहायला घर आहे.

क्रूझच्या गॅलीत (बोटीवरच्या किचनमध्ये) सात वर्षं, सावंतवाडी

आमच्याकडून गोवा हाकेवर. तिकडे बोटीवर जाणाऱ्याला तारवटी म्हणतात, घराघरांत कुणी ना कुणी तारवटी असतो. मीही पर्वरीला शिकलो आणि बोट धरली. पैसा खरा आहे. गावातलं घर, बहिणीचं लग्न, दोन्ही बोटीच्या डॉलरवर झालं. जमिनीवर राहून मला ते जमलं नसतं.

पण आठ महिन्यांच्या करारात एकही पूर्ण सुट्टी नसते. आंतरराष्ट्रीय नियमाने चोवीस तासांत किमान १० आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती द्यावी लागते, ती वहीत भरली जाते. पण ती सलग नसते, तुकड्यांची असते. गॅली सगळी विजेवर, ज्वाला नाही. शेगडीला कठडे असतात, समुद्र खवळला तर पातेलं घसरू नये म्हणून. पहिल्या महिन्यात मी ओकत ओकत बटाटे सोललेत.

२०२० च्या मार्चमध्ये प्रवासी उतरले, आम्ही बोटीवरच राहिलो. बंदर घेत नव्हतं, विमानं बंद. वडील मे महिन्यात गेले. मी केबिनमध्ये होतो, फोनवर चुलत्यांनी तिरडी दाखवली. त्या करारानंतर अजून एकदा गेलो आणि मग थांबलो. आता बाजारात माझी छोटी खानावळ आहे, सोलकढी आणि माशाचं जेवण. पैसे कमी आहेत. आई रोज दुपारी येऊन कोपऱ्यात बसते.

पेस्ट्री शेफ, पुणे

हॉटेलात काम करणाऱ्या मुलींसाठी लिहिते, कारण वर कुणी तो विषय काढला नाही. मला करी सेक्शन हवं होतं. "मुलगी आहे, बेकरीत टाका," एवढ्यावर माझं ठरलं. मुलाखतीत विचारलं गेलं, लग्न झाल्यावर काय? शेजारी बसलेल्या मुलाला तो प्रश्न नव्हता.

बेकरी मात्र मला आवडू लागली. डार्क चॉकलेट वितळवून २७-२८ अंशांवर आणायचं, परत ३१-३२ वर न्यायचं, तेव्हा त्याला चमक येते आणि तोडताना कट्‌ असा आवाज येतो. एक-दोन अंश चुकले की पांढरे डाग. पुण्याच्या एप्रिलात एसी बिघडलेला असताना मी हे केलंय, भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बघत. अशा दिवशी चिडून उपयोग नसतो, थांबावं लागतं. मी थांबायला तिथे शिकले.

बाळंतपणानंतर पहाटे चारची शिफ्ट जमेना. बदल मागितला, मिळाला नाही, सोडलं. आता घरून ऑर्डर घेते, तीन जणी हाताखाली आहेत आणि तिघींच्या वेळा त्यांच्या मुलांच्या शाळेप्रमाणे आहेत. हे हॉटेलात अशक्य आहे असं मला सांगितलं गेलं होतं. चार ट्रे कमी निघतात, बाकी काही अडत नाही.

एका शेफची बायको, ठाणे

आम्हाला कुणी विचारत नाही म्हणून लिहितेय. लोक म्हणतात, तुझी मजा आहे, नवरा रोज खाऊ घालत असेल. बावीस वर्षांत आम्ही रात्रीचं जेवण एकत्र किती वेळा केलं ते मोजता येईल. तो रात्री एकला येतो, तेव्हा त्याला फक्त मऊ वरणभात, तूप, लिंबू लागतं. मी उठते. तो थांबवतो, तरी उठते, कारण आमच्या दिवसातली बोलायची वेळ तीच आहे. मुलगा त्याच्याशी बोलायला शिकला तो सकाळी दात घासताना. तुमच्या भाच्याने हे काम जरूर करावं, पण पुढे लग्न ठरवताना मुलीला तासांचं आधी, स्पष्ट सांगावं. मला कुणी सांगितलं नव्हतं.

स्वतःचं रेस्टॉरंट काढून बंद केलेला, नाशिक

एकोणीस महिने चाललं. जेवण चांगलं होतं, हे गिऱ्हाईकही म्हणायचे. पण भाडं, १९ किलोच्या सिलिंडरचे दर, घरपोच देणाऱ्या अ‍ॅपचं कमिशन, आणि होळीला गावी गेलेली पोरं परत न येणं, यात मी गॅसपुढे उभा राहिलो तरी कितीसा! हिशेबाची वही मी सहाव्या महिन्यात उघडली. ती पहिल्या दिवशी उघडायला हवी होती. डीप फ्रीझर अर्ध्या किमतीत विकला. आज पुन्हा नोकरीत आहे, आणि आता पदार्थाचा खर्च काढल्याशिवाय मेन्यूत काही घेत नाही.

हॉटेल मॅनेजमेंटचे शिक्षक

वीस वर्षं शिकवतोय. १९९३ मध्ये टीव्हीवर 'खाना खजाना' सुरू झालं आणि शेफचा चेहरा घराघरांत पोचला. पालकांचा नकार सैल झाला तो तेव्हापासून. आता उलट अडचण आहे. मुलं कॅमेरा डोळ्यांपुढे ठेवून येतात आणि पहिल्याच औद्योगिक प्रशिक्षणात, म्हणजे हॉटेलातल्या उमेदवारीत, खचतात.

दाजींना मी शेफ फ्लॉइड कार्डोझ यांच्याबद्दल सांगेन. मुंबईत वाढलेले, गोव्याच्या मुळाचे. जीवरसायनशास्त्र शिकून मग या वाटेला आले. १९९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'तबला' हे रेस्टॉरंट उभं केलं. २०११ साली अमेरिकेतल्या 'टॉप शेफ मास्टर्स' स्पर्धेची अंतिम फेरी त्यांनी उपम्यावर जिंकली, आपल्या नाश्त्याच्या उपम्यावर. मार्च २०२० मध्ये कोविडने ते गेले, तेव्हा मी ऑनलाइन शिकवायची तयारी करत होतो आणि त्या दिवशी काही करू शकलो नाही.

व्यवहाराचं: सरकारी आयएचएमसाठी (हॉटेल मॅनेजमेंटच्या संस्थांसाठी) एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा द्या. खासगी संस्थेत भरमसाट फी भरण्याआधी तिथलं ट्रेनिंग किचन बघा, किती मुलांमागे एक शेगडी आहे ते मोजा. आणि फी भरण्याआधी मुलाला महिनाभर कुठल्याही खऱ्या किचनमध्ये उभं करा.

धागा काढणारा मामा

काल रात्री सगळं मोठ्याने वाचलं. बहीण दारात उभी राहून ऐकत होती. ठाण्याच्या ताईंचं वाचून झालं तेव्हा ती आत निघून गेली, आणि थोड्या वेळाने पुन्हा येऊन उभी राहिली. दाजींनी मिठाचा भाग दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, चाखायच्या आधी चूळ भरायची, हे आपल्याला माहीत नव्हतं. होकार दिलेला नाही. पण कोल्हापूरच्या ताई, तुमची हरकत नसेल तर येत्या सोमवारी ते स्वतः मुलाला घेऊन येतील आणि एक दिवस राहतील म्हणतात. दिवसभर उभं राहायला बूट कोणते घ्यावेत?

सू शेफ, मुंबई

काळे, पुढून पूर्ण बंद, तळवा न घसरणारा. लेस नको, गरम तेल पडलं तर एका झटक्यात निघाले पाहिजेत. संध्याकाळी जाऊन घ्या, पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात, तेच माप खरं. सुती मोज्यांचे दोन जोड द्या, दुपारी बदलायला सांगा.