मदत हवी आहे: कड्यावरून डोहात उड्या मारायच्या आहेत, तयारी काय लागेल?

भिरभिरा
येत्या रविवारी आम्ही मित्रमंडळी नदीच्या एका डोहावर जाणार आहोत, कड्यावरून उड्या मारायला. सगळी जबाबदारी माझ्या गळ्यात पडली आहे. सामान काय न्यावं, कुणी कुठे थांबावं, कुणाला लागलंच तर आधी काय करायचं, एवढं सांगा. 'जाऊच नका' हे घरी ऐकून झालंय. जरा लवकर सांगा, उद्या सामान आणायचंय.

पाणकोंबडी
कडा किती उंच? खाली पाणी किती? पोहता किती जणांना येतं? वर यायची वाट कशी आहे? हे कळल्याशिवाय यादी कसली देणार?

भिरभिरा
कडा दोन मजले असेल. पाणी भरपूर आहे, तळ दिसतच नाही. पोहता सगळ्यांना येतं. यादी द्या ना.

पाणकोंबडी
तळ दिसत नाही यावरून पाणी गढूळ आहे एवढंच कळतं, खोली कळत नाही. आणि दोन मजले म्हणजे ६ मीटर धरले तरी पाण्यावर आपटताना वेग ताशी ३९ किलोमीटर असतो. १० मीटरवरून ५०. खाली कमरेएवढ्या पाण्यात एक धोंडा असेल तर पाय किंवा मणका गेलाच म्हणून समजा.

अनवट_वाट
खोली मोजायला गवंड्याचा ओळंबा आणा, नाहीतर दोराला दगड बांधा. दोराला दर अर्ध्या मीटरवर गाठ मारायची. मग पाण्यात उतरून, ट्यूबवर बसून, जिथे पडणार तिथे आणि चहूबाजूंनी दोन-तीन मीटर परिघात पावला-पावलावर ओळंबा सोडायचा. दोर सैल पडला की तळ लागला. सगळीकडे दहा गाठी जात असताना एका जागी सहाव्या गाठीलाच दोर सैल पडला, तर तिथे खडक आहे. मधेच एकदा मोजून 'तीन पुरुष पाणी आहे' म्हणणारे असा खडक हमखास चुकवतात. ओळंब्याला आडवं अडकलेलं झाड सापडत नाही, म्हणून नंतर पोहण्याचा चश्मा लावून एकाने बुडी मारून हाताने चाचपायचं. मागच्या वर्षी मोजलं होतं, हे चालणार नाही. एका पुरात धोंडे जागा बदलतात.

सोनकी
किती खोल हवं हेही सांगा की. स्पर्धांच्या तलावात १० मीटरच्या प्लॅटफॉर्मखाली साधारण ५ मीटर पाणी असतं, तेही सपाट तळाचं आणि शिकलेल्या लोकांसाठी. नदीत त्याहून कमी घेऊ नये असं माझं मत.

मुक्काम_पोस्ट
सगळ्यांना लाइफ जॅकेट घाला, विषय संपला.

पाणकोंबडी
नाही संपत. उंचावरून पडताना जॅकेटला पाणी खालून धक्का देतं, ते वर सरकतं आणि हनुवटीवर बसतं. मान दुखावते. ज्याला जॅकेटशिवाय त्या पाण्यात निवांत पोहता येत नाही, त्याने कड्यावरून उडी मारूच नये.

मुक्काम_पोस्ट
म्हणजे जॅकेट नको? हा सल्ला लोक सोयीस्कर वाचतील. बुडणाऱ्याला जॅकेटच वाचवतं.

पाणकोंबडी
जॅकेट हवंच, पण पाण्याच्या कडेला मदतीला थांबणाऱ्याच्या अंगावर.

ढगफुटी
आमच्याकडे एक युक्ती आहे. उडीआधी दगड टाकायचा, पाणी फुटलेलं असलं की लागत नाही.

सोनकी
हा गैरसमज आहे हो. मार बसतो तो पाणी पटकन बाजूला सरकत नाही म्हणून, आणि दगडाने त्यात काही फरक पडत नाही. स्पर्धेत तलावावर पाण्याचे फवारे सोडतात ते वरून पृष्ठभाग नीट दिसावा म्हणून. आणि तुमचा दगड खालच्या माणसाच्या डोक्यात पडला तर?

कॅमेरावाला
व्हिडिओ काढणार असाल तर कॅमेरा छातीला बांधू नका, कड्यावर स्टँड लावा. उजेड सकाळी चांगला मिळतो.

भिरभिरा
व्हिडिओचं मी विचारलं नव्हतं. बरं, एक सांगायचं राहिलं. डोहाच्या एका टोकाला छोटा धबधबा पडतो आणि वरच्या अंगाला बंधारा आहे. माझा चौदा वर्षांचा भाचाही येतोय, तो तलावात छान पोहतो.

अनवट_वाट
अहो, हे आधी सांगायचं! धबधब्याखालच्या पांढऱ्या पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यात माणूस नीट तरंगत नाही आणि धार परत खाली ओढते. तिकडची बाजू पूर्ण बंद. बंधाऱ्यातून पाणी सोडणार आहेत का, वर पाऊस आहे का, हे त्याच सकाळी विचारा. पाण्याचा रंग बदलला किंवा काटक्या-पाला वाहत आला, तर सगळ्यांनी लगेच बाहेर पडायचं. भाच्याला आधी काठावरून पाण्यात उतरवून वाहत्या पाण्यात पोहताना बघा. तलावातल्या पोहण्यावर कड्याची परवानगी देऊ नका.

सोनकी
पाणी गार असेल तर आधी सगळ्यांनीच हळूहळू उतरून तोंडावर पाणी मारून घ्या. १५ अंशांखालच्या पाण्यात एकदम पडलं की नकळत मोठा श्वास ओढला जातो आणि पाणी छातीत जातं.

ढगफुटी
लेप्टोचं (दूषित पाण्यातून होणारा ताप) पण बघा, जखम असेल तर पाण्यात जाऊ नये. आणि कानात पाणी गेलं तर काय करायचं?

डॉ_निवांत
कानाचं नंतर. सूर मारायचा नाही, हे सगळ्यांकडून कबूल करून घ्या. अगदी २७ मीटरवरून उडी मारणारे स्पर्धकही पाण्यात पायांवरच शिरतात, आणि त्यांच्यासाठी खाली बचावाचे पाणबुडे थांबलेले असतात. पाय जुळलेले, नितंब आवळलेले, हात अंगाशी, नजर समोर. खाली वाकून बघितलं की अंग पुढे कलतं आणि पोटावर मार बसतो. आधीचा माणूस काठाला लागून हात वर करेपर्यंत दुसऱ्याने कड्याच्या टोकाशीही यायचं नाही. दारू प्यायलेला माणूस वर चढणार नाही.

लागलंच तर: पालथा असेल तर आधी उताणा करा, डोकं, मान, पाठ एका रेषेत धरा. श्वास चालू असेल तर ओढाताण न करता तोंड पाण्याबाहेर ठेवून तरंगत धरा आणि मदत बोलवा. श्वास नसेल तर मानेपायी वेळ घालवू नका, बाहेर काढून आधी तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबा. बुडालेल्या माणसाला हवा आधी लागते.

पाणकोंबडी
वर यायच्या वाटेचं उत्तर अजून आलेलं नाही.

भिरभिरा
शेवाळलेला खडक आहे, हात धरून चढतो आम्ही. बरं, असं ठरवलं: शनिवारी मी आणि अजून एक जण मोजायला जातो. भाचा खालच्या टप्प्यावरूनच, तोही पोहून दाखवला तर. फोनला तिथे रेंज नाही, म्हणून एक जण गाडीपाशी रस्त्यावर थांबेल. दोर किती आणू?

अनवट_वाट
तीन वेगळे. ओळंब्याला १० मीटर पुरे. खडकावर चढायला जाडसर दोर, गाठी मारलेला, झाडाला बांधून. शेवाळावरून घसरून पडणारे कमी नसतात. आणि २० मीटरचा तरंगणारा दोर पिशवीत सैल भरून काठावरच्या माणसाच्या हातात. तो फेकायचा सराव शनिवारीच करा, पाण्यात माणूस उभा करून. त्याच्या डोक्यापलीकडे पडला पाहिजे, म्हणजे दोर त्याच्या हाताशी येतो.