मदत हवी आहे: चालकुडी-परांबिकुलमची जुनी लाकूडवाहू ट्रामवे बघायची आहे, वाटच सापडत नाहीये

सावनी_क
कोणीतरी लवकर सांगा प्लीज, मला आज-उद्यात बुकिंग करायचंय आणि मी पार अडकलेय. केरळमधली ती जुनी जंगल ट्रामवे, सागाची लाकडं खाली आणायची ती, तिचं जे काही उरलंय ते बघायचंय. नकाशावर चालकुडी आणि परांबिकुलम अगदी शेजारी शेजारी दिसतात पण रस्ता टाकला की तो भलताच वळसा घालून तमिळनाडूतून नेतो. हे बरोबर आहे का मॅप गंडलाय? मधून ट्रामच्याच वाटेने चालत जाता येतं का? बाबांना ते उतारावरचं दोरखंडाचं काम बघायचंय, त्यांनी मनावर घेतलंय. शनिवार-रविवार पुरेल ना?

मीटरगेज
ताई, कधी जाताय, कुठून निघणार, गाडी स्वतःची की भाड्याची, बरोबर किती जण, काहीच लिहिलेलं नाही. पावसाळ्यात जाणार असाल तर उत्तर वेगळं आणि हिवाळ्यात वेगळं. हे सांगा मग नीट लिहितो. मॅप बरोबर आहे एवढं आत्ता सांगतो.

घाटवाट
मॅप गंडलेला नाही. परांबिकुलम आहे केरळमध्ये पण गाडीरस्ता फक्त तमिळनाडूकडून. पोल्लाची, मग सेतुमडै, मग टॉपस्लिप, आणि तिथून पुढे आनप्पाडीचं केरळचं चेकपोस्ट. टॉपस्लिपला तमिळनाडूच्या वनखात्याची एंट्री फी आणि पुढे केरळची वेगळी, दोन्हीकडे पावती फाडावी लागते, तेव्हा भांडत बसू नका. मधलं सगळं जंगल आहे, ट्राम होती तेव्हा हाच सरळ रस्ता होता, ट्राम गेली आणि रस्ता कधी झालाच नाही.

आगगाडीवेडा
लाकूडवाहू रेल्वेच बघायची तर तैवानची अलिशान बघा हो. जपानी राजवटीत बांधली, १९१२ मध्ये सुरू झाली, ७६२ मिलिमीटरचा गेज (दोन रुळांमधलं अंतर), चियायीला समुद्रसपाटीच्या जेमतेम ३० मीटरवरून सुटते आणि वर २२०० मीटरच्या पुढे चढते. मध्ये एका डोंगराला गोल गोल वेढे घालत जाते आणि पुढे झेड आकारात मागे-पुढे करत. २००९ च्या वादळात लाईन तुटली होती, २०२४ मध्ये पूर्ण सुरू झाली. परांबिकुलमला रूळ पण नाहीयेत, काय बघणार?

सावनी_क
तैवान नकोय मला, केरळ विचारलंय. डिसेंबरमध्ये जाणार, कोचीला चुलत बहिणीचं लग्न आहे त्याला जोडून. म्हणजे कोचीहून निघायचं. चौघं आहोत. गाडी भाड्याची, ड्रायव्हरसकट.

मीटरगेज
आता कसं. कोची असेल तर दोन वाटा आहेत. एक चालकुडीवरून अतिरप्पिल्ली, वाळच्चाल, मलक्कप्पारा करत वालपरै आणि तिथून खाली आळियारला उतरून पोल्लाची. सुंदर रस्ता आहे पण जंगलाचा आहे, वाळच्चालचं चेकपोस्ट संध्याकाळी बंद होतं, आणि वालपरै ते आळियार चाळीस हेअरपिन वळणं. दुसरी वाट त्रिशूर, पालक्काड, पोल्लाची. हमरस्ता, कंटाळवाणी, पण सुखाची. शनिवार-रविवारात परत कोचीला येणार असाल तर दुसरीच घ्या.
आणि शनिवार-रविवार खूप घाई होईल. एक रात्र तरी आत परांबिकुलमला राहा. वनखात्याचं बुकिंग आधी करावं लागतं, आनप्पाडीला टेंट आहेत, तूनक्कडवूला झाडावरची झोपडी आहे, तलावातल्या बेटावर एक ठिकाण आहे. डिसेंबर म्हणजे गर्दीचा महिना, लगेच करा.

वाघई_लोकल
इतक्या लांब कशाला, आपल्या दाराशी बिलिमोरा-वाघई आहे की! गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने डांगातला साग बाहेर काढायला घातलेली लाईन, साधारण ६३ किलोमीटर, नॅरोगेज, आणि अजून चालते. लाकूड नाही पण माणसं नेते. तिकीट काढा आणि बसा, परवाना नको का फिरवाफिरवी नको.

आगगाडीवेडा
ती सर्वसाधारण ब्रँच लाईन झाली, जंगल ट्रामवे नाही. खरी लॉगिंग रेल्वे, म्हणजे लाकूडतोडीची, म्हटली की 'शे' (Shay) नावाचं गिअरचं इंजिन पाहिजे. सिलिंडर एका बाजूला उभे, तिथून दांडा आणि गिअरने सगळ्या चाकांना जोर, म्हणून खराब रुळांवर आणि उभ्या चढावर पण चाक घसरत नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियाच्या कॅसला अजून धावतात. अलिशानला पण तीच होती.

वाघई_लोकल
म्हणजे गिअरचं इंजिन नसेल तर लाकूड वाहिलंच नाही म्हणायचं? डांगातल्या लाकडाला काय माहीत इंजिन कोणतं होतं.

मीटरगेज
दोघंही धागा भरकटवू नका. कोचीनच्या ट्रामवेला, म्हणजे ह्याच चालकुडी-परांबिकुलमच्या, गिअरची इंजिनं लागलीच नाहीत त्याचं कारण आहे, आणि सावनीताईंच्या बाबांना बघायचंय ते तेच आहे. आता जरा लांब लिहितो.
ट्रामवे १९०७ ला सुरू झाली, १९६३ ला बंद झाली. लांबी ८० किलोमीटरच्या आसपास. चालकुडीला सरकारी लाईनला माल द्यायचा असल्यामुळे गेज मीटरचा घेतला, कारण शोरनूर-कोचीन रेल्वे १९०२ मध्ये आली तेव्हा ती मीटरगेजच होती. इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉप्पेलची. खालच्या सपाटीवर इंजिन, वर जंगलातल्या सपाटीवर परत इंजिन, आणि मधल्या कड्यांवर इंजिन चढवायचा प्रयत्नच नाही केला. तिथे सरळ उतार कापले, दोन रूळमार्ग शेजारी शेजारी. वरच्या टोकाला मोठा ड्रम, त्यावर पोलादी दोर. लाकडं भरलेले वॅगन एका लाईनवरून खाली सोडायचे, त्यांच्या वजनाने दुसऱ्या लाईनवरचे रिकामे वॅगन वर ओढले जायचे, आणि वरचा माणूस ब्रेक धरून वेग सांभाळायचा. कोळसा नाही, वाफ नाही, फक्त लाकडाचं वजन. ह्यातली सगळी गोम अशी की माल नेहमी वरून खाली यायचा, म्हणूनच हे जमलं. उलटं असतं तर जमलं नसतं. दर उताराला गाडी तोडायची, खाली परत जोडायची, त्यामुळे वेळ फार जायचा, आणि पुढे ट्रक आणि रस्ते आल्यावर ह्या दिरंगाईने ती तोट्यात गेली.

सावनी_क
हे बाबांना वाचून दाखवलं, ते एकदम खुलले. ते रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते, ब्रेकच्या विभागात, म्हणून त्यांना ड्रमवरचा ब्रेक कसा होता ते जाणून घ्यायचंय. उतार अजून दिसतात का? आणि चालत जाऊन बघता येतील ना?

पायपीट_प्रेमी
चालकुडीकडून वेळ्ळिकुळंगरापर्यंत गाडी नेता येईल, तिथून गावातला माणूस धरा, जुनी वाट त्यांना माहीत असते, आनपांडमपर्यंत जरूर नेतील. मी असाच जातो सगळीकडे. परवान्याच्या नादी लागलं की काहीच बघून होत नाही.

घाटवाट
हे अजिबात करू नका आणि असले सल्ले पण देऊ नका. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, परवानगीशिवाय अभयारण्यात शिरणं गुन्हा आहे, तुम्ही पकडले गेलात तर तुमच्याबरोबर तो गावातला माणूस पण अडकणार, आणि त्याची नोकरी-धंदा तिथेच आहे. शिवाय सगळा हत्तींचा पट्टा. ट्रामची वाट म्हणजे सपाट, रुंद, पाण्याच्या जवळून जाणारी, हत्तींना पण तीच आवडते.

पायपीट_प्रेमी
हत्ती मी पाहिलेत, शांत उभं राहिलं की जातात.

घाटवाट
वयस्कर माणसाला घेऊन जाताय त्या, शांत उभं राहून भागेल का? सावनीताई, बाबांचं वय किती आणि चालायला कसे आहेत हे तुम्ही सांगितलंच नाहीये.

सावनी_क
७१. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय मागच्या वर्षी, आता बरे आहेत, सपाटीवर चालतात, चढ नाही जमत.

मीटरगेज
अहो हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! वालपरैचा घाट विसरा, पालक्काडवरूनच जा. उतार जंगलात आहेत, आता झाडांनी भरलेत, आणि मूळ उतारच इतका तीव्र की बाबांनी तिथे चढायचा विषयच नको.
काय बघता येईल ते सांगतो. परांबिकुलमला गेल्यावर वनखात्याच्या बसमधून सफारी असते, ती कन्निमारा सागापर्यंत जाते. साडेसहा-सात मीटरच्या आसपास घेर आहे त्या झाडाचा. ट्राम कशासाठी एवढी खटपट करून घातली हे ते झाड बघितलं की सांगावं लागत नाही. वाटेत रांगेत उभे असलेले साग दिसतील, ती तोडीनंतरची लागवड. आणि कुरियारकुट्टी हे ट्रामच्या वाटेवरचं ठिकाण, नदीकाठी, कादर आदिवासींची वस्ती आहे तिथे. सलीम अली १९३३ मध्ये त्रावणकोर-कोचीनच्या पक्षी सर्वेक्षणात तिथे राहिले होते, त्यांच्या नावाचं केंद्र आहे. तिथे परवानगीने आणि गाईडबरोबरच जाता येतं, बुकिंग करतानाच विचारा की जीप जाते का, आणि कोणत्या पायवाटेवर ट्रामचा बांध सपाटीत बघायला मिळतो. हे दोन प्रश्न तोंडपाठ करून ठेवा.

हिरवीपाती
मला ह्या सगळ्या कौतुकाचा त्रास होतो. त्या ट्रामने जंगल बोडकं करायचं काम केलं. शेकडो वर्षांची झाडं खाली गेली, जहाजांत आणि रुळांखाली गेली. आणि आपण तिचा वारसा म्हणून फोटो काढायला निघालो.

मीटरगेज
बोडकं केलं हे खरं, मी कुठे नाकारतोय. पण लोकांनी हे बघितलंच नाही तर त्यांना आजचं जंगल मूळचंच वाटतं. २०१० पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे. एकसारख्या रांगेतला साग बघून कोणी विचारलं की हे असं का, तर त्याला उत्तर ट्रामवेत सापडतं.

हिरवीपाती
मग तसं पाटीवर लिहायला हवं. नुसतं जुनं इंजिन रंगवून ठेवतात आणि खाली बनावटीचं वर्ष.

घाटवाट
ह्या मुद्द्यावर मी हिरवीपातींच्या बाजूने. आणि पाण्याखाली पण काही भाग गेलाय, परांबिकुलम-आळियार प्रकल्पाची धरणं झाली तेव्हा. म्हणजे आधी झाडं, मग दरी. कादर लोक ह्या सगळ्यात कुठल्या कुठे हलवले गेले ते पण त्याच पाटीवर हवं.

जपान_वारी
गुडघ्याचं वाचलं म्हणून सांगते, जपानात नागानो भागात अकासावाला किसोची जुनी जंगल रेल्वे आहे, सव्वा किलोमीटरच्या आतच धावते, १९८७ पासून पर्यटकांसाठी सुरू केलीय, बसून जायचं, चढायचं काही नाही. याकुशिमाला मात्र वयस्कर माणसाला नेऊ नका, तिथे जुन्या ट्रॉलीच्या रुळांवरून काही तास चालत प्राचीन सुगीच्या (जपानी देवदाराच्या) झाडापर्यंत जावं लागतं आणि तेवढंच परत.

सावनी_क
जपान तैवान सगळं छान आहे पण मला बुकिंग करायचंय हो. ड्रोन चालेल का? भाऊ आणणार म्हणतोय.

घाटवाट
नाही. व्याघ्र प्रकल्प आहे. ड्रोन घरी ठेवा, प्लास्टिकच्या बाटल्या पण.

आगगाडीवेडा
एक विचारू, बाबांना ड्रमचा ब्रेकच बघायचा असेल तर लाकडाचेच ठोकळे वापरायचे का पट्टा होता हे कोणाला माहीत आहे? माझ्या अंदाजाने पट्टा असावा, एवढ्या वजनाला ठोकळे जळून जातील.

सावनी_क
बाबा म्हणतायत ठोकळे पण चालतील, ड्रमचा व्यास मोठा असेल तर. आणि ओला ठेवला तर. त्यांनी मला कागदावर काढून पण दाखवलं. बरं, ठरलं: लग्नानंतर सोमवारी पालक्काडमार्गे पोल्लाची, तिथे मुक्काम, मंगळवारी सकाळी आत, एक रात्र आत. आनप्पाडीचे टेंट का तूनक्कडवूची झोपडी?

मीटरगेज
झोपडीला शिडी असते. टेंट घ्या.

वाघई_लोकल
आणि परत आल्यावर वाघईला या, त्याला शिडी नाही.