उत्तर: सोयाबीनच्या मुळांवर गाठी आहेत, तरी पीक पिवळं

नुसत्या गाठी मोजून काही कळत नाही, त्या फोडून बघा. फुलोऱ्याच्या सुमारास झाड उपटू नका, खुरप्याने मातीसकट काढा आणि गाठ नखाने चिरा. आत गुलाबी-लाल दिसलं तर गाठीतले जिवाणू झाडाला नत्र देतायत. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच भाऊबंद. या वयात आतून पांढरी किंवा हिरवट असेल तर जिवाणू झाडाची साखर खातायत, परतफेड शून्य. आणि गाठ सहज निखळतच नसेल, मूळच फुगलेलं असेल, तर ती सूत्रकृमीची, म्हणजे मुळात शिरणाऱ्या बारीक कृमीची!

हरभऱ्याचं रायझोबियम (गाठी बनवणारे जिवाणू, बियाण्याला लावायला पाकिटात मिळतात) इथे चालणार नाही. सोयाबीनचं पाकीट वेगळं. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम, गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा, लगेच पेरा. बुरशीनाशक लावायचं तर आधी. युरियाचा हात मात्र आवरा: आयतं नत्र मिळालं की झाड गाठी धरत नाही. पाणी साचलं तरी प्राणवायूअभावी गाठी मंदावतात.

पिवळेपणा कोवळ्या पानांवर आणि शिरा हिरव्या असतील तर दोष गाठींचा नाही, लोहाची कमतरता तपासा.